नापास फुलाची नक्कल

त्या रविवारी दुपारी अम्मानं सत्तेचाळीस फुलं तांदळाच्या डब्यात लपवली आणि वरून झाकण दाबून बसवलं.

दारात गाडी थांबली होती. माझ्या कॉलेजातल्या श्रीलता मॅडम अंतर्वेदीच्या देवाचं दर्शन घेऊन राजमहेंद्रीला परत चालल्या होत्या. वाटेत नरसापूर लागतं, म्हणून डोकावल्या. ओट्यावर पेपर वाचत बसलेले नान्ना, म्हणजे माझे वडील, नुसतं "कोणीतरी साहेबी दिसतंय" एवढंच म्हणाले, तेवढ्यात अम्माच्या मांडीवरचा सगळा पसारा नाहीसा झाला. एकाहत्तर वर्षांच्या बाईनं इतक्या चपळाईनं काही केलेलं मी अलीकडे पाहिलं नव्हतं. एकच गोष्ट तिच्या ध्यानात राहिली नाही. दोऱ्याचा गुंडा खुर्चीखालीच होता आणि त्याचं दुसरं टोक डब्याच्या झाकणाखालून आत गेलं होतं.

मॅडमचा पाय नेमका त्यात अडकला.

"अय्यो, हे काय?" एका पायावर उभ्या राहून त्या म्हणाल्या. "हा लेसचा दोरा ना? अम्मा, तुम्ही लेस करता? मला कधीची बघायची आहे हो!"

"छे, छे," अम्मा म्हणाली. "उंदीर. कुठून कुठून ओढून आणतात."

"तांदळाच्या डब्यात?"

"फार माजलेत."

नान्नांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

"आमच्या घरात लेस कोणी करत नाही," अम्मानं ठासून सांगितलं. "माझी मुलगी कॉलेजात शिकवते."

मॅडम खुर्चीत बसल्या. खुर्चीच्या पाठीला लेस होती. समोर टीव्हीवर लेस होती, रिमोटला लेसची पिशवी होती, पाण्याच्या माठावर, मिक्सरवर, गॅसच्या सिलिंडरवर लेस होती. मॅडम सभ्य बाई. त्यांनी ताकाच्या ग्लासावरची लेसची चकती उचलून हळूच बाजूला ठेवली, ताक घेतलं, उंदरांवर एक चांगलं औषध सुचवलं आणि निघाल्या.

गाडी वळल्यावर आम्ही तिघंही हसत सुटलो. अम्मा एकेक फूल झटकून तांदूळ पाडत होती.

"हसा, हसा. तुझी लाज राखली मी. उद्या कॉलेजभर झालं असतं, हैमवती मॅडमची आई दिवसभर दोरा ओढत बसते म्हणून."

त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पेसरट्टू कधी करतेस?"

"डोशाचे मूग कुठे भिजवलेत? उद्या करीन, तुझ्या बसच्या आधी."

बस साडेसातची होती. सोमवारी सकाळी मी उठले तेव्हा मूग भिजलेले होते आणि अम्मा उठलेली नव्हती.

*

आमच्याकडे लेसचं काम वाटून केलेलं असतं. एक बाई फुलं करते, एक नुसत्या कडा करते, एक सगळं जोडते. जिला जे येतं ते तिनं जन्मभर करायचं. अम्मा फुलं करायची. फुलंसुद्धा एकाच जातीची, सहा पाकळ्यांची, पेल्याच्या बुडाएवढी. पंधराव्या वर्षापासून तिनं तेच फूल केलं. पण दोन फुलं एकमेकांना जोडायची म्हटली की ती उठून दोन घरं सोडून राहणाऱ्या सूरम्माच्या ओट्यावर जायची. सूरम्मा जोडणारी. मी तिला पिन्नी म्हणते. पिन्नी म्हणजे मावशी, पण नात्यानं ती आमची कोणीच नाही.

माल घेणारा एजंट फुलं तपासायचा. एखाद्या पाकळीत टाका कमी-जास्त निघाला की ते फूल परत यायचं. त्याला अम्मा नापास फूल म्हणायची. नापास फुलं टाकायची नाहीत, असा तिचा नियम. ती पिन्नीकडे जायची आणि जोडून यायची आणि मग घरात ज्या वस्तूला अंग असेल त्या वस्तूला कपडा मिळायचा. नान्ना म्हणत, मी फार वेळ एका जागी बसत नाही, ही मापं घ्यायला लागेल.

मी नऊ वर्षांची असताना, दसऱ्याच्या सुट्टीत, अम्मानं माझ्या हातात सुई दिली होती. सगळ्या मुली त्याच वयात शिकतात. माझ्या वर्गातल्या, दोनाचा पाढाही न येणाऱ्या मुली त्या सुट्टीत फुलं करायला लागल्या. मला साखळीसुद्धा जमेना. दोरा घामानं काळा व्हायचा. मी वर्गात पहिली यायचे, आणि पहिल्यांदाच एखादी गोष्ट मला येत नव्हती. बाराव्या दिवशी मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, "मला हे असलं काम नको. मला वाचायचंय."

अम्मानं सुई उचलली. रागावली नाही. उलट तिचा चेहरा उजळला, असं मला आठवतं. त्या दिवसापासून ती सगळ्यांना अभिमानानं सांगायला लागली, माझी मुलगी दोऱ्याला हात लावत नाही. आणि माझ्या शाळेचं, पुढे कॉलेजचं कोणी घरी आलं की सगळं लपवायला लागली. माझा समज होता, कधीतरी मी तिला खरं काय ते सांगेन. चाळीस वर्षं हातात होती.

*

पाचव्या दिवशी सूरम्मा पिन्नी आली. मी लग्न होऊन दुसऱ्या घरची, त्यामुळे माझं सुतक तीन दिवसांत संपलं होतं. कॉलेजला रजा टाकून मी नान्नांजवळ राहिले होते. पिन्नीनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"फुलं कुठे आहेत?"

अम्मा गेल्यापासून मी ती माझ्या उशीच्या अभ्र्यात ठेवली होती, ती काढून दिली. पिन्नीनं ती मांडीवर ओतून मोजली. मोजता मोजता एक फूल तिनं जरा वेळ हातात धरून ठेवलं, मग पुढे मोजलं.

"सत्तेचाळीस. सात सत्ते किती गं, लेक्चररम्मा?"

"एकोणपन्नास."

"म्हणजे दोन कमी."

पिन्नीच्या नातीला मुलगी झाली होती. अम्मा गेली तेव्हा ते बाळ तीन दिवसांचं होतं. पाळण्यात घालायला सात ओळींची, ओळीला सात फुलं अशी चादर करून देईन, असं अम्मानं नातीला डोहाळजेवणातच सांगून ठेवलं होतं.

"सत्तेचाळिसांची होणार नाही का?" मी विचारलं. "एखादी ओळ कमी करून?"

"होईल की. पण आमच्या सूनबाई आहेत ना. म्हणतात, गेलेल्या माणसाच्या हातचं चालेल, पण अर्धवट राहिलेलं बाळाच्या अंगावर घालायचं नाही. त्यात माणसाचा जीव अडकलेला असतो म्हणे."

"तुला पटतं हे?"

"मला सुनेशी भांडायचं नाही, एवढं पटतं. बारसं एकविसाव्या दिवशी. तेरा दिवस आहेत. तोवर दोन फुलं झाली तर चादर पाळण्यात, नाहीतर ही सत्तेचाळीस पुन्हा तुझ्या उशीत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पलीकडच्या गावात गुन्नम्मा आहे. एका दुपारी करून देईल दोन. निरोप पाठवू?"

"नको."

"का गं?"

"दुसरा हात दिसेल."

पिन्नीनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "दिसेल खरा. तुझ्या आईचा, वेणीचा हात घट्ट. तिच्या फुलातून डास जायचा नाही. गुन्नम्माच्या फुलातून डास बायकोपोरं घेऊन जाईल. मग? काय करायचं?"

"मी करते."

पिन्नी हसायला लागली. हसून हसून तिला ठसका लागला. पाच दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं. नान्ना आतून बघायला आले.

"काय झालं?"

"अन्नय्या, तुमची मुलगी फुलं करणार आहे."

नान्ना खाली बसले. "कशाची?" त्यांनी विचारलं.

*

साखळी सोपी असते, असं सगळे म्हणतात. दोऱ्याचा एक फास करायचा. फासातून सुई घालायची, सुईच्या आकड्यात दोरा धरायचा आणि तो फासातून अलगद ओढून घ्यायचा. झाली एक कडी. त्या कडीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. पंचवीस वर्षं झाली, मी जुन्या तेलुगू पोथ्या शिकवते, वाळवीनं खाल्लेल्या पानांवरचं अक्षर लावते. सुईच्या आकड्यात दोरा धरायला मला पूर्ण दोन दिवस लागले.

"ही साखळी आहे की आपली गल्ली?" पिन्नी म्हणाली. "एक टाका एवढा मोठा, शेजारी एक एवढासा."

"उसवू?"

"उसवायचं नाही. नवशिक्यानं उसवायचं नाही, पुढे जायचं. उसवत बसलीस तर हाताला उसवायचीच सवय लागेल."

म्हणून मी पुढे गेले. अकरा हात साखळी झाली, मग वीस हात. ती कुठे ठेवायची ते मला कळेना, पण नान्नांना कळलं. पहिल्या साखळीनं त्यांनी चष्मा गळ्यात अडकवला. दुसरी परसातल्या दोडक्याच्या वेलाला बांधली. तिसरीनं जुन्या पेपरांचे गठ्ठे, चौथीनं कॅलेंडर. पंच्याला टांगायला नाकं केलं, किल्ल्यांना गोफ केला. एकदा मी शोधलं तर मांजराच्या गळ्यातही माझी साखळी होती.

"नान्ना, हे काय?"

"तुझ्या आईचा माल खपवायचं काम सोपं होतं," ते म्हणाले. "तिचा माल चांगला होता."

पाचव्या दिवशी कड्या सारख्या यायला लागल्या. त्या कशामुळे यायला लागल्या ते मला अजूनही सांगता येणार नाही. मी पिन्नीशी तिच्या सुनेबद्दल बोलत होते, आणि खाली बघितलं तर हातभर साखळी झाली होती.

"आलं," पिन्नी म्हणाली. "आता बघू नकोस तिच्याकडे. बघितलं की बिथरते."

मग खांब. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, खालच्या ओळीतलं घर शोधून सुई खुपसायची, दोरा वर ओढून आणायचा. सुईवर तीन वेढे होतात. ते दोन-दोन करून सोडवायचे. आधी वेढा न घेताच केला तर मुका खांब, बुटका. या दोन खांबांवर आणि एका साखळीवर आमचं सगळं गाव उभं आहे. खांबांच्या ओळीवर ओळ घातली तर नान्नांच्या मोबाईलची पिशवी होते. दुहेरी केली तर गरम भांडं धरायचा चौकोन होतो. तो चौकोन तिरका झाला, पण भांड्याला त्याचं काही नव्हतं.

"आता फूल," मी म्हटलं. बारशाला सहा दिवस होते.

"फुलाचं मला नाही ठाऊक," पिन्नी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय, नाही ठाऊक! मी जोडणारी. मला फुलाच्या सहा पाकळ्यांची सहा टोकं माहीत. मी कडेकडेनं येते-जाते. आत घरात काय चाललंय ते घरवालीला ठाऊक."

"पिन्नी, पन्नास वर्षं तुम्ही दोघी समोरासमोर बसत होतात!"

"समोरासमोर बसून गल्लीबद्दल बोलत होतो. फुलाकडे बघायला वेळ कुणाला होता?"

तिनं तेवढ्यात घरच्यासारखा चहा मागितला आणि मला विचार करायला वेळ मिळाला. फूल शिकवणारं कोणी नाही. पण फुलं होती, घरभर होती. मी मिक्सरचा कपडा काढून आणला.

"काय करतेस?"

"वाचते," मी म्हटलं.

कडेचं एक फूल मी पिन्नीकडून सोडवून घेतलं. उसवताना फूल शेवटाकडून उसवतं. अम्मानं शेवटची गाठ पाकळीच्या मागे इतकी दडवली होती की ती शोधायलाच पाव तास गेला. गाठ सुटली, आणि दोरा ओढला की एकेक टाका टक टक करत मागे यायला लागला. ती जिथे थांबली होती तिथून मी निघाले होते आणि जिथून तिनं सुरुवात केली होती तिकडे चालले होते. मी वही घेतली आणि पाठ तयार करावा तसं उलट्या क्रमानं लिहीत गेले. पाकळी: मुका खांब, आठ खांब, मुका खांब. पाकळीखाली पाच कड्यांची कमान. कमानीखाली गोलात अठरा खांब, तीन-तीन खांबांमागे एक कमान. सगळ्यात आत आठ कड्यांचं कडं. मग एक फास. मग नुसता दोरा, बारीक बारीक नागमोडी, तिच्या हाताचं वळण घेतलेला.

चहा गार झाला.

*

पहिल्या फुलाला सात पाकळ्या आल्या. गोलात मी अठराऐवजी एकवीस खांब घातले होते.

"सात?" पिन्नीनं ते हातावर फिरवून बघितलं. "हे कुठल्या झाडाचं?"

दुसऱ्या वेळी कमानी तीनच कड्यांच्या झाल्या, फूल मिटत गेलं आणि त्याची वाटी झाली. नान्नांनी ती चुन्याच्या डबीवर उपडी घालून बघितली. बरोबर बसली. ते खूश झाले, म्हणाले, "अजून एक असंच चुकव. काताच्या डबीला."

तिसरं फूल मी वहीतून शब्द न् शब्द बघत केलं. सहा पाकळ्या. सपाट. टोकं टोकदार. मी ते आणि अभ्र्यातली फुलं घेऊन जवळजवळ पळत पिन्नीच्या ओट्यावर गेले. बारशाला तीन दिवस होते.

पिन्नीनं ते अम्माच्या एका फुलाशेजारी ठेवलं, चष्मा वर केला, बोटानं पाकळी चाचपली. पुन्हा चाचपली. मग तिनं कपाळाला हात लावला.

"किती खांब घातलेस पाकळीत?"

"आठ."

"वेणीच्या पाकळीत मोज."

मी मोजले. सात होते. दुसऱ्या पाकळीत सात. दुसऱ्या फुलातही सात. मला क्षणभर वाटलं, अम्मानंच चूक केली.

"पण उसवलेल्यात आठ होते, पिन्नी! मी लिहून घेतलंय. शेवटच्या पाकळीत आठ. पुढच्या पाकळ्यांत मी नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलं."

"आणि ते फूल कुठलं होतं?"

"मिक्सरवरचं."

"मिक्सरवर कुठली फुलं असतात गं तुमच्या घरात?"

मी हातातलं फूल खाली ठेवलं.

"अगं, नापास!" पिन्नी मांडीवर थाप मारून ओरडली. गल्लीतल्या दोन बायका दाराशी आल्या. "ऐका गं! ही कॉलेजात शिकवते, आणि हिनं नापास फुलाची नक्कल केली! त्या फुलात वेणी एकाच पाकळीत चुकली होती म्हणून परत आलं होतं, हिनं सहाही पाकळ्यांत तीच चूक केली. एवढ्या इमानानं! अशी चूक तुमच्याच घरात होऊ शकते. दुसरे नापास फुलं टाकून देतात, तुमच्याकडे घरभर तीच!"

पंचवीस वर्षं मी वर्गात फळ्यावर लिहीत आले आहे की नकलेवरून नक्कल करू नका, चार प्रती समोर ठेवून ताडून बघा. माझ्या उशीच्या अभ्र्यात सत्तेचाळीस शुद्ध प्रती होत्या. मी त्यांतली एकही मोजली नव्हती. मी सांगितलं तेव्हा नान्ना म्हणाले, "वहीत 'वरीलप्रमाणे' लिहिणाऱ्या मुलांना तू किती मार्क देतेस?"

त्या रात्री मला छान झोप लागली, अम्मा गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून मी एक फूल केलं. सात खांबांच्या सहा पाकळ्या. पिन्नीनं चाचपलं आणि "डास जाईल" म्हणाली. "पण एकटाच. संसार मागे ठेवून." मग तिनं माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि अम्माच्या डब्यातली बारीक सुई दिली, जिचं टोक घासून घासून नखासारखं झालं होतं. "तुझा हात सैल आहे. हात बदलत नाही, सुई बदलायची."

त्या सुईनं दुसरं फूल करायला उरलेला सगळा दिवस लागला. मी दुपारचं जेवलेही नाही. शेवटची गाठ अम्मानं जशी दडवली होती तशी पाकळीच्या मागे दडवली. पिन्नीनं ते फूल घेतलं, चाचपलं, चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. काही बोलली नाही. आमच्याकडे लेसला कोणी चांगली म्हणत नाही. काही बोललं नाही म्हणजे ती पास.

तिनं रात्रीत नव्हे, दुसऱ्या दिवशी उजेडात जोडायला घेतली. एकोणपन्नास.

*

बारशाला मी जाणार नव्हते. पिन्नी स्वतः न्यायला आली. "तुझं सुतक कधीच संपलंय. आणि सूनबाईंना चादर कोण दाखवणार? मी जोडणारी, माझ्यावर तिचा विश्वास नाही."

सूनबाईंनी चादर दोन्ही हातांनी उजेडात धरली, आडवी मोजली, उभी मोजली. "सात सात," म्हणाल्या. "पुरी आहे." आणि पाळण्यात घातली. बाळ एवढंसं होतं की चादरीचा निम्माही भाग त्याला लागला नाही. त्यानं लगेच एका पाकळीच्या टोकाला बोट अडकवलं.

हळदीकुंकू झालं. बायकांना भिजवलेले हरभरे आणि विड्याची पानं वाटून झाली. मग खरा खेळ सुरू झाला. त्या घरात जमलेल्या दहा-बारा बायकांपैकी एकही अशी नव्हती की जिनं लेस केलेली नाही. सगळ्या पाळण्याभोवती वाकल्या.

"त्यातली दोन हिची आहेत म्हणे. सांगू नकोस गं सूरम्मा, आम्ही ओळखतो."

"बाळाला डोळ्यांत बोट घालू नका," पिन्नी म्हणाली.

बोटं फुलांवरून फिरायला लागली. पहिलं फूल त्यांनी एका दमात शोधलं. तिसऱ्या ओळीतलं, चौथं. "हे! हे बघा, सैल. शाळेतलं आहे हे." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग दुसरं. दुसरं सापडेना. एकीनं एकावर बोट ठेवलं, दुसरीनं दुसऱ्यावर, त्यावरून त्यांची वादावादी झाली. पिन्नी पानाला चुना लावत बसली होती, तिचा चेहरा अगदी देवळातल्या मूर्तीसारखा कोरा होता.

"एकच आहे हिचं," शेवटी एक म्हातारी बाई कंबर सरळ करत म्हणाली. कडा करणारी होती ती, मी तिला लहानपणापासून ओळखते. "बाकी अठ्ठेचाळीस वेणीचीच. सूरम्मा, थापा मारतेस."

"दोन आहेत," पिन्नी म्हणाली.

"असतील तर मग रक्त आहे ते." म्हातारी माझ्याकडे वळली. "पण काय गं पोरी, आता बरी आठवण झाली सुईची? वेणी बिचारी जन्मभर सांगत होती, माझ्या हैमाला हे काम कमीपणाचं वाटतं. तक्रार नव्हती करत हो. कौतुकानंच सांगायची. म्हणायची, तिच्या माणसांसमोर मी काढत नाही, तिला लाज वाटते. आणि आता ती गेल्यावर तू..."

"असू दे गं," कोणीतरी म्हणालं.

म्हातारी खरंच विचारत होती, टोमणा मारत नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला म्हणता आलं असतं, हो, वेळ मिळाला नाही. किंवा, कॉलेजचं काम फार असतं. चाळीस वर्षं मी असंच काहीतरी म्हणत आले होते, आणि ते तोंडातून सहज निघालं असतं. मी पाळण्याची दोरी धरली होती, तिच्याकडे बघत मी बोलायला लागले, त्या म्हातारीला उत्तर द्यायला, पण पहिला शब्दच वेगळा निघाला.

"अम्मा," मी म्हणाले, "मला येत नव्हतं. कमीपणा नव्हता वाटत. बारा दिवस मी प्रयत्न केला आणि मला साखळीसुद्धा आली नाही, आणि सगळ्या मुलींना येत होती, म्हणून मी खोटं सांगितलं. मला लाज माझी वाटत होती. तुझी कधीच नाही."